मोहोळकर बाईंची पातळं

मोहोळकर बाईंच्या डाव्या कानात मोरचूद असायचं आणि उजव्या कानात हिराकस. थट्टा नाही. काच फुंकणाऱ्या कारागिराकडून त्यांनी वाटाण्याएवढे दोन पोकळ थेंब करून घेतले होते. एकात मोरचुदाचा निळा खडा, दुसऱ्यात हिराकसाचा हिरवा, आणि दोन्हींची तोंडं आचेवर बंद केलेली. ओळख होऊन दहा मिनिटंही झाली नसतील, तेव्हा मी न राहवून विचारलं, "दोन्ही कानांत सारखं घालायला नाही का मिळालं?"

"दोन्हीकडे सारखंच घातलं तर फरक कळायचा कसा?" बाई म्हणाल्या. मग गंभीरपणे पुढे सांगितलं, "हिराकसाला हवा लागली की ते तांबूस पडतं. महिना झाला, अजून हिरवंच आहे. म्हणजे काच नीट मिटली आहे." बायका आरशात आपला चेहरा बघतात. ही बाई आरशात काचेचा सांधा बघत होती.

पिंपरी आणि चिंचवड यांच्या मधल्या माळावर तेव्हा बाभळी जास्त आणि कारखाने कमी होते. तिथे एका खासगी कंपनीने औषधं बाटल्यांत भरायचा छोटा कारखाना काढला. त्याच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी एकाच दिवशी रुजू झालो. मी पुण्याहून गाडीने येई. बाई चिंचवड गावठाणात एक खोली घेऊन एकट्या राहत. मूळच्या सोलापूरकडच्या, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. हुद्दा एकच असला तरी त्या मला 'शालू' म्हणत आणि मी त्यांना 'बाई'. मी सरळ रेघेवर चालणारी मुलगी होते. घरून सांगितलेलं, वरच्यांनी सांगितलेलं, सगळं मुकाट करणारी. अशा मुलीला बाईंच्या शेजारी बसायला मिळालं हे माझं नशीब. तेव्हा मात्र ते मला संकट वाटलं होतं.

आमचं काम असं: काचेच्या चपट्या ताटल्यांत जंतू वाढवायचे, त्यांवर औषधाचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. औषध चांगलं असेल तर थेंबाभोवती जंतू मरून एक स्वच्छ गोल कडं पडतं. ते कडं पट्टीने मोजायचं आणि वहीत लिहायचं. मी मोजायची आणि लिहायची. बाई मोजायच्या, लिहायच्या आणि मग त्या कड्याकडे बघत बसायच्या. "किती देखणं आहे गं," म्हणायच्या. महिन्याभरात ती कडी त्यांच्या पदरावर आली.

त्यांची सगळी पातळं पांढऱ्या मांजरपाटाची. ती त्या स्वतः हळद-तुरटीच्या पाण्यात रंगवत. मग धुण्याच्या सोड्याचं पाणी करून, ब्रश बुडवून, काठापदरावर नक्षी काढत. सोडा लागला की हळद लाल होते, त्यामुळे पिवळ्याजर्द पातळावर लालभडक कडी उमटत. लहान, मोठी, एकमेकांना खेटलेली, अगदी ताटलीतल्यासारखी. धुतलं की नक्षी जाई. पुन्हा नवी. "बाजारातलं पातळ वर्षभर तेच ते दिसतं," त्या म्हणत, "माझं दर आठवड्याला बदलतं की." एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या हातून सरबताचा पेला त्यांच्या पदरावर उलटला. मी घाबरून उभीच राहिले. लिंबाने लाल कडी जागच्या जागी पिवळी होत चालली होती. बाईंनी पदर पसरून धरला, डोळे मोठे केले आणि ओरडल्या, "शालू, आणखी ओत!"

त्यांच्या पोलक्यांना खिसा असे. बायकांच्या पोलक्याला खिसा म्हणजे तेव्हा आक्रीतच होतं. चिंचवडचे उस्मानभाई शिंपी आधी हसले, मग रागावले. "बाई, उभी जिंदगी शिवतोय, जनानी कपड्याला खिसा न्हाई लावला. लोक मला काय म्हनतील?" ज्याच्यासाठी खिसा हवा होता ते भिंग बाईंनी त्यांच्या हातात दिलं आणि त्यांनीच घातलेला टाका बघायला लावला. उस्मानभाई बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसले. मग दुकानातल्या कापडाचा प्रत्येक तुकडा त्याखाली धरून पाहिला. भिंग परत देताना म्हणाले, "या अल्ला, मला वाटत होतं मी सरळ शिवतो." त्या दिवसापासून बाईंच्या पोलक्याला त्यांनी खिसा लावला, तोही दुहेरी शिलाईचा, आणि त्याचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत.

या सगळ्याच्या मागे काय आहे, हे मला वर्षभराने कळलं. बाई विधवा होत्या. लग्नानंतर दीड वर्षात नवरा टायफॉइडने गेला. तेराव्याला सासरच्यांनी पांढरं पातळ पुढे ठेवलं आणि सांगितलं, आता जन्मभर हेच. बाईंनी ते उचललं, मोरीत गेल्या आणि बादलीत वाटीभर हळद कालवली. हे त्यांनी मला ताटल्या मोजता मोजता, मान वर न करता सांगितलं. "पांढऱ्यात सगळे रंग असतातच, लोलकातून बघ हवं तर. मी त्यातला एक वर काढला, इतकंच." सासर सुटलं, माहेर अवघडलं. त्या शिकल्या, पदवी घेतली आणि इथे आल्या. चिंचवडच्या बायका त्यांना पाहून तोंड फिरवत, हळदीकुंकवाला तर बोलावतच नसत. बाई त्याच बायकांच्या मुलांना ओट्यावर बसवून भिंगातून मुंगीचे पाय दाखवत. मला तेव्हा त्यांचं फार नवल वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही. एवढं एकटं राहून इतकं खूश कसं राहता येतं, हे मला कळत नव्हतं.

आता एका घमेल्याची गोष्ट.

कारखान्यात बाटल्या धुण्याचा विभाग होता. तिथे आसपासच्या गावांतल्या बाराजणी कामाला. बहुतेकींच्या घरी दर महिन्याला येणारा तो पहिलाच पगार होता. त्यांची मुकादमीण भागूबाई, उंच, खणखणीत आवाजाची. धुतलेल्या बाटल्यांवर झाकायची पांढरी फडकी रोज सकाळी आमच्याकडे येत. ती आम्ही इनॅमलच्या एका मोठ्या घमेल्यात सोड्याच्या पाण्यात भिजवून, धुऊन परत देत असू. बाई रोज बाटल्यांच्या विभागात एक फेरी मारायच्या आणि त्या बायकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या: "डोळ्याला दिसत नाही म्हणजे घाण नाही, असं समजायचं नाही." बायका पदराआड हसत. पण बाटली उजेडात धरून बघायला त्या शिकल्या होत्या.

तर त्या फडक्यांवर लाल ठिपके दिसायला लागले. एकदा, दोनदा, तीनदा. कारखान्याचे व्यवस्थापक प्रधानसाहेब शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी सरळ निष्कर्ष काढला की हे रक्त आहे. काचेने जिचा हात कापला तिला बिनपगारी घरी पाठवायचं, असा नियम होता. म्हणून बायका कापलेले हात लपवतात, असं त्यांचं म्हणणं. औषधाच्या बाटलीजवळ रक्त म्हणजे केवढा धोका, हे काही खोटं नव्हतं. त्यांनी सांगून टाकलं, "पुन्हा एक डाग दिसला तर बाराहीजणींना काढून गडी लावणार."

पुढच्या सोमवारी डाग दिसला.

साहेबांनी बायकांना ओळीत उभं केलं. भागूबाईंनी दोन्ही तळवे पुढे केले. "साहेब, हात बघा आमचं. कुनाला कापल्यालं न्हाई, शप्पत." मागच्या दोघीतिघी रडायला लागल्या होत्या. बाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, फडकं उजेडात धरलं आणि मला म्हणाल्या, "शालू, डब्यातली लिंबाची फोड आण." ठिपक्यावर लिंबू पिळलं. ठिपका पिवळा झाला. त्यावर सोड्याचं पाणी टाकलं, पुन्हा लाल.

"रक्त नाही, साहेब. हळद आहे."

बायकांच्या जिवात जीव आला. पण साहेब म्हणाले, "म्हणजे हळदीच्या हातांनी कामाला येतात. इथे औषध भरतो आपण, कालवण नाही. माझा निर्णय बदलत नाही." आणि त्यांनी भागूबाईच्या नावाने तसा कागद टाइप करायला सांगितला. बाईंनी उद्या संध्याकाळपर्यंत मुदत मागितली. साहेबांनी ती दिली.

मग बाईंनी बाराजणींचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवायला लावले. तिघींच्या नखांकडेला लाली आली. भागूबाईचा चेहरा उतरला. "सकाळी कालवान करूनच येतो आमी, बाई. म्हंजी चूक आमचीच म्हनायची?"

"कालवण रोज करता?"

"व्हय. रोजच की."

"मग डाग सोमवारीच का पडतात?"

हे त्यांनी भागूबाईंना विचारलं खरं, पण उत्तर शोधायला त्या लगेच आमच्या खोलीत आल्या. नोंदवही काढली. चारही डाग सोमवारचे. वहीवरचं त्यांचं बोट तसंच थांबलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, कारण रविवारी काय होतं हे आम्हा दोघींनाच माहीत होतं.

जंतू रविवार पाळत नाहीत, त्यामुळे ताटल्या बघायला रविवारी आम्हा दोघींपैकी एकीला यावं लागे. बाई माझे रविवारही स्वतःकडे घेत. प्रयोगशाळेत गरम पाणी मुबलक होतं, चिंचवडच्या खोलीत विहिरीचं शेंदावं लागे. गेल्या महिन्यापासून त्या रविवारी तिथेच पातळ रंगवत होत्या. त्याच घमेल्यात. नंतर तीन-तीन पाण्यांनी ते धूत, पांढरंशुभ्र दिसेपर्यंत.

बाईंनी घमेलं टेबलावर ठेवलं आणि कडेने सोड्याचं पाणी फिरवलं. कडेच्या इनॅमलचा एका जागी पोपडा उडालेला होता. त्याच्या खालून दोऱ्यासारखी एक लाल रेघ हळूच बाहेर आली आणि पाण्यात पसरली.

आम्ही दोघी ती रेघ बघत राहिलो. मग मी जे बोलले ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "बाई, हे घमेलं आपण फेकून देऊ. पुढच्या सोमवारी डाग पडणार नाही. साहेब विसरून जातील. कशाला सांगायचं?"

"आणि भागूबाईच्या नावाचा तो कागद?"

"साहेबांना विनंती करू. पुन्हा एक संधी द्या म्हणू."

"म्हणजे न केलेल्या चुकीची माफी तिला मिळवून द्यायची आणि केलेली चूक आपण फेकून द्यायची?" त्या रागावल्या नव्हत्या. हिशोब जुळत नाही म्हणून विचारावं, तसं विचारत होत्या. "शालू, त्या बायकांना मी रोज काय सांगत होते गं? डोळ्याला दिसत नाही म्हणजे नाही, असं समजू नका म्हणून. आणि मी? तीन पाणी फिरवलं, पांढरं दिसलं, झालं."

ओलं घमेलं दोन्ही हातांत धरून त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. मी दाराशी थांबले. बाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, साहेबांच्या टेबलावर ती लाल रेघ पुन्हा काढून दाखवली. साहेबांनी घमेलं जवळ ओढून पाहिलं. मग म्हणाले, "तुम्हाला ताकीद द्यावी लागेल. लेखी."

"द्या. आधी भागूबाईंचा कागद फाडा."

साहेबांनी तो फाडला. मग म्हणाले, "हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, तुम्हीच लिहून द्या." बाईंनी तिथेच बसून लिहिलं. बाटल्या धुण्याच्या आणि भरण्याच्या विभागात यापुढे उघडं रंगीत कापड येता कामा नये. धुणाऱ्या बायकांनी लुगड्यावरून कंपनीचे लांब पांढरे झगे घालावेत. प्रयोगशाळेतून तिथे फेरीला येणाऱ्या बाईने उकळलेलं पांढरं वस्त्र नेसावं. साहेबांनी वाचलं आणि बाईंच्या पिवळ्या पदराकडे पाहिलं. "फेरीला तुम्हीच जाता. तुम्हीही झगा घाला की."

"माझ्या पातळाचा घोळ सगळ्या खोल्यांतून फिरतो, साहेब. खालून लोळतो. झग्याने भागायचं नाही."

"मग गिरणीतलं पक्क्या रंगाचं काही नेसा."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी बाईंनी बाजारातून पक्क्या रंगाच्या पातळांचे सात तुकडे आणले. बुधवारी सकाळी सातही सोड्यात उकळले. सातही पाण्यांना रंग आला. एकाचा तर इतका पुसट की मला दिसेचना. मी म्हटलं, "बाई, हे चालेल. अगदी थोडा आहे."

"थोडा म्हणजे आहे," बाई म्हणाल्या.

मला रडू फुटलं. ज्या पांढऱ्या पातळाला या बाईने सासरी नाही म्हटलं, माहेरी नाही म्हटलं, सगळ्या चिंचवडला इतकी वर्षं नाही म्हटलं, ते आता स्वतःच्या हाताने नेसायचं? तेही कुणी सक्ती केलेली नसताना? मी तसं बोलूनही दाखवलं. बाई पदराची कडी बोटांनी चाचपत होत्या.

"वाईट वाटतंय गं," त्या म्हणाल्या. "खूप वाईट वाटतंय. पण मला वाईट वाटणं हा काही पुरावा नाही."

मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली, व्यासपीठावरची, हारतुऱ्यांतली. या एका वाक्याजवळ जाईल असं काही कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. त्या वेळी मी फक्त नाक पुसलं आणि सातही भांडी धुऊन ठेवली.

गुरुवारी बाई पांढऱ्यात आल्या. फाटकापासून आमच्या खोलीपर्यंत कुणी त्यांच्याशी बोललं नाही. ज्यांना त्या विधवा आहेत हे ठाऊक नव्हतं, त्यांनाही त्या दिवशी ते कळलं. बाटल्यांच्या विभागात बाराजणी नवे झगे घालून उभ्या होत्या, झग्यांखाली हिरवी-तांबडी लुगडी. बाईंना पाहून बाटल्यांचा आवाज थांबला. भागूबाईंनी तोंडाला हात लावला. "बाई, आमच्यापायी..."

"तुमच्यापायी नाही, हळदीपायी," बाई म्हणाल्या. "बाटली दाखवा."

शुक्रवार, शनिवार तसेच गेले. बाई काम करत होत्या, कडी मोजत होत्या. पण "देखणं आहे गं" मात्र म्हणत नव्हत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझं लग्न ठरलं, नोकरी सुटली आणि आमची फारशी गाठ पडली नाही. बाई मला आठवतात त्या त्या शनिवारनंतरच्या सोमवारच्या.

त्या सोमवारी मीही त्यांच्याबरोबर फेरीला गेले होते. दार उघडलं आणि आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. आत सगळं पांढरं होतं. बाराजणींनी झगे खुंटीला लावून ठेवले होते. प्रत्येकीने लुगड्याऐवजी पांढरंशुभ्र, उकळलेलं धोतर नेसलं होतं, कासोटा घालून, लुगड्यासारखं. बाराहीजणी सवाष्णी. त्या काळी गावातली सवाष्ण मेली तरी पांढरं नेसणार नाही.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "नियमात झगा आहे."

"ऱ्हाऊ द्या तुमचा नेम," भागूबाई म्हणाल्या. "धन्याची धोतरं हायती. धन्याच्या धोतरात काय वंगाळ आलंय? एकल्या तुमीच पांढऱ्यात दिसायच्या न्हाई."

बाईंनी एकेकीच्या समोरून चालायला सुरुवात केली. धोतराची कड बघितली, हात बघितले. शेवटी भागूबाईंपुढे थांबल्या. भागूबाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, सगळ्यांच्याच होतं, रोजच्यापेक्षा मोठं.

"कुंकवाखाली मेण आहे ना?" बाईंनी विचारलं. आवाज कापत होता, पण प्रश्न खरा होता. "नुसती पूड असेल तर बाटलीत पडेल."

"हाय की मेन. बोट फिरवून बघा."

बाईंनी बोट उचललं आणि मधेच थांबल्या. विधवेने सवाष्णीच्या कुंकवाला हात लावायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. इतकी वर्षं त्यांनी सगळं झुगारलं होतं, पण हे दुसरीचं कपाळ होतं. त्यांनी हात मागे घेतला.

भागूबाईंनी तो मनगटाला धरून पुढे ओढला आणि बाईंचं बोट स्वतःच्या कुंकवावर दाबलं. चांगलं घासलं.

बाईंनी बोट उजेडात धरलं. एकदा या बाजूने पाहिलं, एकदा त्या बाजूने.

"नाही लागत," त्या म्हणाल्या, आणि मग पुढच्या बाईच्या कपाळाकडे वळल्या.